नवे लायनर टाकले, तरी हॅण्डब्रेक पार वरपर्यंत का येतो?

आजचा भाग जरा ऑइल-ग्रीसवाला आहे. दिवसभर कोड लिहिणारा माणूस ब्रेकवर काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. आधी झालं काय ते ऐका.

बाबांच्या जुन्या अल्टोचे मागचे लायनर झिजले होते. जालन्यातल्या एका गॅरेजवर नवे टाकले आणि चतुर्थीला आम्ही सगळे राजूरला निघालो. गणपतीचं देऊळ टेकडीवर, गर्दी भरपूर, म्हणून गाडी चढावरच लावली. हॅण्डब्रेक ओढला तर पार वर आला. लागला असेल म्हणून मी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी न्यूट्रलमध्ये होती, ती चूक माझीच. आई मागच्या दारातून उतरत होती, एक पाय खाली, आणि गाडी मागे सरकली. हातभरच. मी लगेच ब्रेक दाबला, पण आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने लिव्हरचं कव्हर काढून केबलचा नट दोन मिनिटांत आवळला. लिव्हर तीन कटकटींत लागायला लागला. मी खूश. आणि भोकरदनला जाऊन आलो तर मागच्या उजव्या चाकातून जळका वास!

मग पुस्तिका, व्हिडिओ आणि एका ओळखीच्या मिस्त्रीकाकांना विचारून समजलं की आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

मागचे ब्रेक ड्रमचे असतील, तर आत दोन अर्धगोल शू असतात. त्यांनाच लायनर चिकटवलेलं असतं. पायाचा ब्रेक हे शू ऑइलच्या दाबाने बाहेर ढकलतो, हॅण्डब्रेक केबलने. दोन वाटा वेगळ्या, शू मात्र तेच. म्हणजे शू आणि ड्रम यांच्यात जागा जास्त राहिली, तर केबलची सगळी ओढ ती जागा भरण्यातच जाते. लिव्हर वर येतो, चाक धरत नाही.

ही जागा कमी करायला आत एक ॲडजस्टर असतो, बऱ्याच गाड्यांत दातेरी चाकाचा. शू बदलताना ड्रम बसावा म्हणून तो मागे घेतात, आणि पुन्हा पुढे आणायचं राहून जातं. आमचं तेच झालं होतं. केबल आवळली की ती पोकळी फक्त झाकली जाते. वर आणखी एक गोची: केबल कायम ताणलेली राहिली की ड्रममधली हॅण्डब्रेकची पट्टी आपल्या जागी परत येत नाही. मग स्वतःहून पुढे सरकणारा ॲडजस्टरही नीट काम करत नाही, शू ड्रमला घासत राहतो आणि ड्रम तापतो. आमच्याकडे भाषेत सांगायचं तर बग तसाच, वर पॅच.

मग काकांनी गाडी सपाट जागेवर घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागे जॅक आणि खाली स्टॅण्ड. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी राहू नका! हॅण्डब्रेक खाली, आणि सगळ्यात आधी केबलचा नट पूर्ण ढिला. मग ॲडजस्टर फिरवत शू बाहेर आणले, चाक हाताने फिरवताना हलकं घासेपर्यंत, आणि थोडे मागे घेतले. ड्रम बसवून मला पायाचा ब्रेक वीसेक वेळा जोरात दाबायला लावला, शू मधोमध बसावेत म्हणून. केबल शेवटी. ठरलेल्या कटकटींवर दोन्ही चाकं सारखी धरली पाहिजेत आणि लिव्हर खाली केला की दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. कटकटी किती, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही.

एक सांगायचं राहिलं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.

हॅण्डब्रेककडून अपेक्षा तरी किती? संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच नियमानुसार, पूर्ण भरलेली कार त्याने २० टक्के चढावर धरून ठेवली पाहिजे, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २० मीटर वर. आणि त्यासाठी हाताचा जोर ४०० न्यूटनपेक्षा जास्त लागू नये, साधारण ४० किलो वजन उचलण्याइतका. राजूरला आमच्या गाडीने पाच माणसांतच हात टेकले होते.

मागे डिस्क असेल तर हिशोब वेगळा. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या वाटीत हॅण्डब्रेकसाठी छोटे शू असतात, काहींत कॅलिपरचा पिस्टन पॅड बदलताना फिरवत आत घालावा लागतो. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर घरी हात घालू नका, तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो.

काम झाल्यावर आम्ही दहाएक किलोमीटर फिरून आलो आणि चाकांजवळ हात नेऊन पाहिला, टेकवला नाही. दोन्हीकडे सारखंच कोमट. पुढच्या चतुर्थीला राजूरला त्याच चढावर गाडी लावली: पहिला गिअर, हॅण्डब्रेक, आणि मी पायाचा ब्रेक हळूहळू सोडला. हलली नाही. तरी आई म्हणाली, "तू आधी खाली उतरून दगड लाव, मग मी उतरते."