दोन माइक, एक फाइल: आवाज वेगळे कसे करायचे

मे महिन्यात नाशिकच्या गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. अशा उघड्यावरच्या सभेचं ध्वनिमुद्रण छोट्या रेकॉर्डरवर करायचं तर एक रीत फार सोयीची आहे. एका चॅनेलला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वक्त्याचा थेट आवाज घ्यायचा आणि दुसऱ्या चॅनेलला श्रोत्यांच्या दिशेने तोंड केलेला माइक जोडायचा. दोन्ही आवाज स्वच्छ येतात. पण घरी हेडफोन लावला की डाव्या कानात वक्ता आणि उजव्या कानात टाळ्या, खोकले, घाटावरची वर्दळ. चांगलं रंगलेलं व्याख्यानही असं फार वेळ ऐकवत नाही. दोन कॉलर माइक लावून केलेल्या मुलाखतींचंही हेच होतं. प्रश्न एका कानात, उत्तर दुसऱ्या.

यावर उपाय सोपा आहे. स्टिरिओ फाइल फोडून तिचे दोन मोनो ट्रॅक करायचे आणि प्रत्येकाची जागा आपण ठरवायची. मात्र कुठली फाइल फोडायची आणि कुठली नाही, हे आधी कळायला हवं.

खरी स्टिरिओ कोणती

इएमआय कंपनीतले इंग्रज अभियंते अॅलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर 1931 मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागची कल्पना अशी की दोन चॅनेल एकच प्रसंग टिपतात, पण किंचित फरकाने. त्या फरकातूनच ऐकणाऱ्याला दिशा कळते. विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाचं पथक समोरून जाताना एकमेकांना लागून बसवलेल्या दोन माइकांच्या रेकॉर्डरने टिपलं, तर ताशा डावीकडून येऊन उजवीकडे गेलेला ऐकू येतो. हा परिणाम एकट्या डाव्या चॅनेलमध्ये नसतो आणि एकट्या उजव्यातही नसतो. तो दोघांच्या नात्यात असतो. अशी फाइल फोडून दोन्ही ट्रॅक मध्यावर आणले की मिरवणूक सपाट होते. ती फोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

व्याख्यानाची फाइल वेगळी. तिथे दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणं केवळ सोयीसाठी एका फाइलमध्ये बसवलेली असतात. ओळखायला हेडफोनची एकेक बाजू आळीपाळीने ऐकावी. दोन्हीकडे तोच प्रसंग तितकाच पूर्ण ऐकू आला तर हात लावू नका. दोन्हीकडे वेगळा माणूस पुढे असेल तर खुशाल फोडा.

पॅनचा स्लायडर का पुरत नाही

अनेक जण आधी स्टिरिओ ट्रॅकचा पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे नेण्याचा स्लायडर, फिरवून पाहतात आणि बुचकळ्यात पडतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा स्लायडर डावीकडे नेला की उजव्या चॅनेलचा आवाज डावीकडे सरकत नाही, नुसता कमी होत होत बंद पडतो. म्हणजे स्टिरिओ ट्रॅकवर तो जुन्या म्युझिक सिस्टीमच्या बॅलन्सच्या बटणाचं काम करतो. मोनो ट्रॅकवर मात्र तोच स्लायडर आवाज खरोखर डावी-उजवीकडे नेऊन बसवतो. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा पॅन दुहेरी करता येतो, प्रो टूल्सच्या स्टिरिओ ट्रॅकला मुळातच दोन पॅन असतात. तिथे निव्वळ जागा बदलायला फाइल फोडावी लागत नाही. पण प्रत्येक आवाजाची पातळी, त्यातला गोंगाट, त्याची वेळ स्वतंत्र सांभाळायची असेल तर तिथेही वेगळे ट्रॅक केलेले बरे.

फोडायची कशी

मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून कामाला लागावं. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या डाव्या टोकाला नावावर क्लिक केलं की यादी उघडते. त्यात फोडण्याचे दोन पर्याय असतात, आवृत्तीनुसार त्यांची नावं थोडी बदलतात. एका पर्यायाने दोन ट्रॅक होतात, पण एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडेच राहतो. दुसऱ्याने दोन्ही थेट मध्यावर येतात. व्याख्यान-मुलाखतीसाठी हा दुसरा. रीपरमध्ये आयटमवर राइट क्लिक करून ‘आयटम प्रोसेसिंग’मधला ‘एक्सप्लोड’चा पर्याय निवडावा.

यानंतर लगेच मीटर बघावा. आधी एकेका बाजूला असणारे आवाज आता दोन्ही बाजूंना एकत्र वाजतात, त्यामुळे मीटर लाल होऊ शकतो. दोन्ही ट्रॅक 3 ते 6 डेसिबलने खाली घेतले की बहुधा भागतं.

50 मिलिसेकंदांचा घोळ

गोदाघाटाच्या उदाहरणात खरी गंमत इथे आहे. मिक्सरमधून आलेला आवाज तारेतून तत्काळ पोचतो. श्रोत्यांकडच्या माइकमध्येही वक्त्याचा आवाज शिरतो, पण कर्ण्यांमधून हवेतून येऊन. मे महिन्यातल्या उकाड्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 350 मीटर जातो. हा माइक कर्ण्यापासून साडेसतरा मीटरवर असेल तर तोच शब्द 50 मिलिसेकंद उशिरा पोचतो. फाइल स्टिरिओ होती तोवर हे दोन कानांत वाटलं गेलं होतं. दोन्ही ट्रॅक मध्यावर आणले की प्रत्येक शब्दामागे प्रतिध्वनी ऐकू येतो आणि आपण काहीतरी बिघडवलं असं वाटतं.

बिघडलेलं काही नसतं. श्रोत्यांचा ट्रॅक तेवढाच अलीकडे ओढायचा. किती ओढायचा ते अंतर मोजून ठरवण्यापेक्षा डोळ्यांनी ठरवणं सोपं. सभा सुरू होण्याआधी वक्त्याच्या माइकवर कुणी टिचकी मारली असेल तर तिचा टोकदार उंचवटा दोन्ही ट्रॅकवर दिसतो. नसेल तर एखादा ठसठशीत ‘ट’ किंवा ‘प’ शोधावा. लहरी मोठ्या करून एकाखाली एक जुळवल्या की प्रतिध्वनी निघून जातो आणि मागे सभेचा मोकळा भरणा उरतो. टाळ्या क्षणभर अलीकडे आल्या तर कुणाला कळतही नाही. मग वक्ता मध्यावर ठेवावा आणि श्रोते बरेच खाली, थोडे एका बाजूला. मला ही जुळणी फोडण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते.

मुलाखतीत एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये

जुन्या नाशकातल्या तांबट आळीत एखाद्या कारागिराची मुलाखत घेताय असं समजा. दोघांत मीटरभर अंतर. कारागिराचा आवाज त्याच्या माइकमध्ये लगेच शिरतो आणि तुमच्या माइकमध्ये सुमारे 3 मिलिसेकंदांनी. दोन्ही ट्रॅक मध्यावर मिसळले की 170 हर्ट्झच्या आसपासचे, मग 500 हर्ट्झजवळचे, असे काही स्वर एकमेकांना खातात. माणूस रिकाम्या घागरीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. हातोड्याचे ठोकेही पातळ होतात. इथे ट्रॅक सरकवून उपयोग नाही, कारण एकाचा आवाज जुळवला की दुसऱ्याचा आणखी बिघडतो. एक बोलत असताना दुसऱ्याचा ट्रॅक 10-12 डेसिबल खाली घ्यावा. ऑडॅसिटीचं एन्व्हेलप साधन हेच करतं. वेळ खातं, पण निकाल चांगला देतं. शेवटी एकाला 15 टक्के डावीकडे, दुसऱ्याला 15 टक्के उजवीकडे ठेवलं की समोरासमोर बसल्याची जाणीव राहते. एकाच कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याचाही एकही शब्द चुकत नाही.

जुन्या तबकड्या

दोन्हीकडे तेच ऐकू आलं तर फोडू नये, या नियमाला जुन्या मोनो तबकड्या अपवाद आहेत. उदाहरणार्थ, पंचवटीत रामनाम आधाराश्रम चालवणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे पुत्र, गायक द. वि. पलुस्कर 1955 साली गेले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या 1957-58 मध्ये. त्यामुळे त्यांचं गाणं मोनोच आहे. अशी तबकडी स्टिरिओ सुईने संगणकावर घेतली की खोबणीची एक भिंत एका चॅनेलमध्ये येते आणि दुसरी भिंत दुसऱ्या. गाणं दोन्हींवर तेच, पण झीज आणि चरे मात्र वेगवेगळे. फोडून दोन्ही ऐकावे. एक भिंत स्पष्टच चांगली असेल तर तीच ठेवावी. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र मिसळाव्यात. गाणं भक्कम होतं आणि खरखर त्या मानाने मागे पडते. इथे पॅन मध्यावरच. जुन्या गायकाला कृत्रिम स्टिरिओत पसरवण्याची हौस टाळावी.

फाइल काढताना

दोन्ही ट्रॅक अगदी मध्यावर असतील तर मोनो फाइल काढा. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी घेते, मोनो निम्मी. थोडाही पॅन दिला असेल तर स्टिरिओच काढावी. पाठवण्याआधी ती एकदा मोबाइलच्या उघड्या स्पीकरवरही ऐकावी, कारण बहुतेक जण ती तिथेच ऐकणार आहेत. फोडलेले ट्रॅक प्रोजेक्टसह जपून ठेवा. वर्षभराने कुणी फक्त वक्त्याचा आवाज मागितला तर तो लगेच देता येतो.