‘तू मेंदू हो’ असं पेशीला कोण सांगतं?

पहिला पाऊस पडला की सापगावात भाताच्या खाचरांत, भातसा नदीकाठच्या डबक्यांत बेडकांची अंडी दिसायला लागतात. जेलीत अडकलेले काळे ठिपके. थोड्याच दिवसांत त्यातून शेपटी हलवणारी पिल्लं बाहेर येतात आणि पाण्यात बोट घातलं की पळतात. म्हणजे तेवढ्यात मेंदू, मेरुरज्जू आणि स्नायूंपर्यंत जाणारे चेतातंतू कामाला लागलेले असतात.

हे कसं होतं, ते बी.एस्सी.ला आपण पाठ केलेलं असतं. भ्रूणाच्या बाहेरच्या थराचा पाठीकडचा पट्टा जाड होतो, त्याच्या कडा वर उचलल्या जातात, मध्ये येऊन जुळतात आणि चेतानलिका तयार होते. तिचं पुढचं टोक मेंदू, मागचा भाग मेरुरज्जू. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण संशोधनाचा प्रश्न पुढे आहे. त्याच थरातल्या पोटाकडच्या पेशी त्वचा होतात. मग पाठीकडच्यांनाच मेंदू व्हायला कोण सांगतं? आणि कुणीतरी ‘सांगतं’, हे सिद्ध कसं करायचं?

१९२४ साली हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. न्यूट हा बेडकाचा शेपटीवाला नातलग. त्यांनी फिक्या जातीच्या न्यूटच्या भ्रूणातला एक विशिष्ट तुकडा गडद जातीच्या भ्रूणात पोटाकडे बसवला. तिथे दुसरी चेतानलिका तयार झाली, आणि ती मुख्यतः गडद पेशींची होती! म्हणजे तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं. अशा तुकड्याला ‘ऑर्गनायझर’ म्हणतात. रंगाचा फरक नसता, तर कोण कुणामुळे बदललं हे कळलंच नसतं.

आता सापगावहून मुंबईला, कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये या. आठवणींसाठी लागणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. एलएचएक्स-२ हे जनुक नसलेल्या उंदराच्या भ्रूणात तो तयारच होत नाही. तुम्ही पटकन काय लिहाल? ‘हे जनुक हिप्पोकॅम्पस बनवतं.’ थांबा.

शुभा तोळे यांच्या गटाने २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये वेगळा प्रयोग मांडला. एकाच भ्रूणात काही पेशी जनुक असलेल्या, काही नसलेल्या. जनुक नसलेले पुंजके ‘हेम’ झाले. हेम म्हणजे हिप्पोकॅम्पसचा ऑर्गनायझर. आणि त्यांच्या शेजारच्या चांगल्या पेशींनी भलत्याच जागी जास्तीचे हिप्पोकॅम्पस उभे केले! म्हणजे हे जनुक पेशीला ‘तू कॉर्टेक्सची आहेस, हेम होऊ नकोस’ असं बजावत होतं. संपूर्ण जनुक काढलेल्या भ्रूणात सांगणारे वाढले होते, पण ऐकून हिप्पोकॅम्पस होऊ शकणारं कुणी उरलं नव्हतं.

दोन्ही निरीक्षणं खरी. पण पहिल्यावरच थांबला असता, तर या जनुकाचं अर्धं काम तुम्हाला दिसलंच नसतं.

म्हणून एखादा पेपर वाचताना किंवा स्वतःचा प्रस्ताव लिहिताना वहीत दोन प्रश्न लिहून ठेवा. बदल झाला तो त्याच पेशीत, की शेजारणीत? आणि त्या दोघी मला वेगळ्या ओळखता येतायत का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर निष्कर्ष लिहायची घाई करू नका. आधी रंगाची सोय करा.