मानेमागची गाठ

दागिन्यांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते सगळं समोरून पाहून. ठुशी, साज, बोरमाळ, पुतळ्यांची माळ. पानं किती, मणी कसे, वजन काय. माळ मागे कशी बंद होते याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला मात्र कैक वर्षं त्या मागच्या चार बोटांचंच वेड आहे. फासा, आकडा, कडी, गोंडा.

त्यातला तारेचा आकडा सगळ्यांत सोपा. पुसेगावात (सेवागिरी महाराजांचं ते साताऱ्याकडचं, हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं) हौसेनं माळा ओवणाऱ्या मुलीनं त्यासाठी शहरातून सामान मागवायचं काही कारण नाही. विहिरीवरच्या मोटारी जळतात त्या मुलखात वाइंडिंगवाला असतोच, आणि त्याच्याकडचा तांब्याच्या तारेचा वीतभर तुकडा पुरतो. वरचं वार्निश पॉलिश कागदानं खरवडावं, जाळू नये, धूर वाईट. परदेशी पुस्तकं १८ गेज सांगतात ती तार १.०२ मिलिमीटरची. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात १८ गेज म्हणजे १.२२, त्यामुळे आपल्या दुकानात १९ किंवा २० मागावी. टोकं कानशीनं गोल करायची, गोल तोंडाच्या पकडीनं टोकाला बारीक डोळा वळवायचा, मग पेनावर बाक द्यायचा. शेवटी लोखंडावर ठेवून बाकावर हलके ठोके. वळवल्यानं आणि ठोकल्यानं तांबं कडक होतं, तावलं की पुन्हा मऊ. ठोकायचा कंटाळा केला तर आकडा उघडतो आणि मणी बाजारात सांडतात.

एवढं सोपं असूनही आपल्या जुन्या मण्यांच्या माळा बहुधा दोऱ्यानंच बंद होत आल्या. नुसत्या तारेवर भागलं ते सरीचं: जाड तारेचं कडं, टोकं वाकवली की झालं. एकीनं घातली सरी म्हणून दुसरीनं घातली दोरी, ही म्हण दोरीला हिणवते. मला ते पटत नाही. दोरीचं काम पटवेकऱ्याचं. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो माळ गाठवतो, पदर एकत्र करतो, गोंडा बांधतो आणि सरकगाठ ठेवतो. त्या गाठीमुळे एकच माळ सासूच्या गळ्यात छातीवर उतरते, सुनेच्या गळ्यात कंठाशी बसते. आकड्याला हे जमत नाही. नरहरी सोनारांनी विठ्ठलाचा करगोटा केला तो कधी आखूड झाला, कधी लांब. सरकगाठ असती तर एका फेरीत काम झालं असतं. अर्थात मग कथाच उरली नसती.

ही गाठ किती मागे जाते ते शोधताना मी नेवाशाला पोचलो. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी तिथं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याचे मणी मिळाले आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष. तीन हजार वर्षं आपल्या मातीत दोरा टिकत नाही. हा टिकला तो तांब्यामुळे: गंजताना सुटणारे तांब्याचे क्षार कुजवणाऱ्या जंतूंना मारतात.

तो दोरा तपासला ए. एन. गुलाटी यांनी. आज हे नाव कुणाला ठाऊक नाही. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत १९२८ साली टर्नर यांच्यासोबत मोहेंजोदडोचा कापूस ओळखणारे हेच गुलाटी. तो कापडाचा तुकडाही चांदीच्या भांड्याला चिकटल्यामुळेच वाचला होता. नेवाशाच्या दोऱ्यात त्यांना कापसाबरोबर रेशीम दिसलं. टिपण १९६१ साली डेक्कन कॉलेजनं छापलं. रेशीम म्हटलं की चीन, अशी सवय लागलेल्यांच्या हे पचनी पडणं अवघड होतं. पुढे २००९ मध्ये आयरीन गुड, केनॉयर आणि मेडो या पुरातत्त्वज्ञांनी हडप्पाच्या तांबेमिश्रित धातूच्या दागिन्यांतले आणि चन्हुदडोच्या मण्यांतले धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेही रेशीमच निघालं, इसवी सनापूर्वी २४५० ते २००० या काळातलं, म्हणजे नेवाशाहून कितीतरी जुनं. गुलाटींच्या वाट्याला तरीही तळटीपच आली, याचा मला राग आहे.

आपली संग्रहालयं तर जुने मणी सरळ नायलॉनमध्ये ओवून काचेआड टांगतात. मागची बाजू भिंतीकडे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आजीची माळ पुन्हा गाठवायला द्याल किंवा हौसेनं तिला नवा आकडा लावाल, तेव्हा आधी मागच्या गाठीचा एक फोटो काढा, आणि कापलेला जुना दोरा फेकू नका. कागदात गुंडाळून, माळ कुणाची, कुठल्या गावची, गाठवली कुणी, एवढं लिहून ठेवा.