दातांत दात बसवताना

मिक्सरचं भांडं उचला आणि तळाशी पाहा. तिथे दातेरी तुकडा दिसेल. त्याला कपलर म्हणतात. मोटरवरच्या दातांमध्ये तो अडकला की पातं फिरतं, आणि भांडं मात्र हाताने सहज सुटं होतं. ट्रकच्या गिअरबॉक्समध्येही असे अडकणारे दात असतात.

जबलपूरमध्ये 1904 पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, 1969 पासून व्हेईकल फॅक्टरी. त्यामुळे तुम्ही दीक्षितपुऱ्यात राहत असाल, तर लेथ आणि मिलिंग हे शब्द कानावर पडलेले असतीलच. आता असा जोड घरच्या कॉम्प्युटरवरही काढता येतो. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

चूक कुठे होते?

बरेच जण गोल नळीच्या टोकावर सरळ, समांतर भिंतींची खाच कापतात. खाच आतबाहेर सारख्याच रुंदीची होते, पण उरलेला दात आत निमुळता, पाचरीसारखा. असे दोन तुकडे एकमेकांत बसत नाहीत. म्हणून दाताच्या दोन्ही बाजू नळीच्या मध्याकडेच जायला हव्यात, पोळीच्या त्रिकोणी तुकड्यासारख्या.

करून पाहा

बाहेरचा व्यास 40 मिमी, भोक 20 मिमी आणि दात 5 घ्या. 360 अंशांचे 10 भाग केले की प्रत्येकी 36 अंश येतात. पण दात 35 अंशांचा ठेवा आणि खाच 37 अंशांची. मग दाताच्या प्रत्येक बाजूला 1 अंश मोकळा राहतो. बाहेरच्या कडेला ही फट सुमारे 0.35 मिमी असते, भोकाजवळ त्याच्या निम्मी.

आता एकच दात काढा. पॅड वापरून त्याला 8 मिमी उंची द्या आणि पोलर पॅटर्नने त्याचे पाच करा. दुसरा तुकडा नव्याने काढू नका. पहिल्याचीच आरशातली प्रत घ्या, 36 अंश फिरवा आणि अर्धा मिमी मागे सरकवा, म्हणजे टोकं तळाला टेकणार नाहीत.

शेवटी दोन्ही तुकडे निवडून कॉमन ही आज्ञा द्या. दोघांचा सामाईक भाग उरला, तर दात एकमेकांत घुसलेत असं समजा.

पाचच का?

विषम संख्या असली की मिलिंगचं कटर व्यासावरून आरपार नेता येतं आणि समोरासमोरच्या दोन खाचांची एकेक बाजू एकाच फेरीत कापली जाते. चार दात असते, तर तेच कटर समोरच्या दातात शिरलं असतं.

थ्रीडी प्रिंटरवर काढलेला जोड हाताने फिरवायच्या खेळण्यात खुशाल वापरा. मिक्सरला मात्र लावू नका. त्या वेगात तो फुटला, तर तुकडे उडतील. मिक्सरला त्याच मॉडेलचा कपलर आणा.