कडकनाथचा काळा, लेगपीसचा लाल

मागच्या आठवड्यात स्नायूतले तंतू एकमेकांवर कसे सरकतात ते पाहिलं. आज स्नायूंच्या रंगाकडे वळू. त्यासाठी जायचं धार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, जिथून पुढे झाबुआ लागतं. या पट्ट्यातल्या भिल्ल-भिलाला घरांच्या अंगणात काळी कोंबडी हिंडते. तिची पिसं काळी, तुरा काळपट, जीभ काळी आणि कापली तर मांसही काळं. गावात ती ‘काली मासी’, बाजारात कडकनाथ. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा भाव आणखी वधारला. सोबत एक समजही पसरला: मांस इतकं काळं, म्हणजे त्यात रक्त आणि लोह भरपूर असणार.

हे तपासायचं तर आधी साधी गावठी कोंबडी घेऊ. तिची छाती फिकट असते, तंगडी गडद. तंगडीचा लालसरपणा रक्ताचा नव्हे, मायोग्लोबिनचा. स्नायूच्या पेशीत प्राणवायू धरून ठेवणारं हे प्रथिन, आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू. कोंबडी दिवसभर उभी असते, चालते, उकरते. असं संथ पण न थांबणारं काम करणाऱ्या तंतूंना प्राणवायू सतत लागतो. म्हणून त्यांच्यात मायोग्लोबिन जास्त, केशवाहिन्या दाट आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही पुष्कळ. छातीचे स्नायू पंखांसाठी असतात, आणि कोंबडी उडते ती कुत्रा मागे लागला तरच. तेवढ्या झपाट्याला साठवलेली साखर प्राणवायूविना जाळून भागतं. तंतू झटकन आकुंचन पावतात आणि तितक्याच झटकन थकतात. कबुतर मैलोन्‌मैल उडतं, म्हणून त्याची छातीही गडद लाल. देवमासा तर श्वास रोखून खोल बुडी मारतो. त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन इतकं की मांस काळसर दिसतं. १९५८ मध्ये जॉन केंड्र्यू यांनी या प्रथिनाची रचना पहिल्यांदा उलगडली, तीही देवमाशाच्याच स्नायूतून काढलेल्या नमुन्यावर.

माणसात अशी सरळ वाटणी नाही; आपल्या बहुतेक स्नायूंत दोन्ही तंतू मिसळलेले. नवरात्रात देवासच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना हे जाणवतं. पोरं धावत सुटतात आणि थोड्याच वेळात कठड्याला टेकून धापा टाकतात. आजी एका लयीत चढत तुळजाभवानीपर्यंत पोचते. वयाचा आणि सरावाचा भाग आहेच, पण पोटरीतला आतला, चपटा स्नायू बहुतांश संथ तंतूंचा असतो आणि आजीची चाल त्याच्या सोयीची असते. (रोपवेने जाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

मग कडकनाथ काय, कबुतरापेक्षाही मोठी उडणारी? मुळीच नाही. तिचा काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांत आणि त्वचेत असतं त्याच द्रव्याचा. अंड्यात पिल्लू घडत असताना रंगपेशी एरवी त्वचेकडे जातात. कडकनाथमध्ये गुणसूत्र क्रमांक २० वरच्या एका भागाची जादा प्रत असते. त्यामुळे रंगपेशींना वाढायला लावणारा संदेश नेहमीपेक्षा जोरात जातो. त्या आतही शिरतात आणि स्नायूंवरच्या पडद्यांत, हाडांच्या आवरणात, आतड्यांवर ठाण मांडतात. चीनच्या सिल्की आणि इंडोनेशियाच्या अयाम चेमानी कोंबड्यांतही हाच बदल आहे. स्नायूच्या कामाशी त्याचा संबंध नाही. काळ्या पडद्याखाली कडकनाथची छाती झपाट्याच्याच तंतूंची आणि तंगडी संथ तंतूंचीच.

फरक पातेल्यात कळतो. शिजताना मायोग्लोबिनची घडी मोडते आणि लाल मांस तपकिरी होतं. मेलॅनिनला त्या आचेचं काही वाटत नाही, कडकनाथ रश्श्यातही काळीच राहते. लोहाचंही तसंच. मेलॅनिनच्या घडणीत लोह नसतं, मायोग्लोबिनच्या असतं. रंगावरून लोहाचा अंदाज बांधायचाच असेल तर लाली पाहावी, काळेपणा नव्हे. कडकनाथ खावी ती चवीसाठी. ब्रॉयलरपेक्षा कितीतरी सावकाश वाढलेलं, हिंडलेलं मांस आहे ते. तिचं रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट तपकिरी. काळं अंडं दाखवून कोणी जादा पैसे मागितले, तर आधी ते ओल्या फडक्याने पुसून पाहावं.