शौचावाटे रक्त : दर वेळी मूळव्याधच असते असे नाही

शौचावाटे रक्त दिसले की बेंबळीसारख्या गावात निदान बहुधा घरीच होते : ‘मूळव्याध आहे, तिखट बंद करा.’ पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण असे रक्त मोठ्या आतड्यातील पॉलिपमुळे किंवा कर्करोगामुळेही पडू शकते. केवळ रक्त पाहून यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतील अस्तरावर आलेली मांसल वाढ. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात आणि काही त्रासही देत नाहीत. त्यांपैकी ‘अॅडेनोमा’ प्रकारातील काहींचे मात्र हळूहळू कर्करोगात रूपांतर होते. या बदलाला साधारण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्या काळात पॉलिप काढून टाकला, तर त्यातून होणारा कर्करोग टळतो.

पूर्वी यासाठी पोट उघडावे लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास आत नेऊन पॉलिप काढला आणि नवी वाट खुली झाली. कोलोनोस्कोप ही गुदद्वारातून आत सरकवायची लवचिक, कॅमेरा असलेली नळी. तपासणीआधी हलका आहार आणि जुलाबाचे औषध घेऊन आतडे स्वच्छ करावे लागते.

पॉलिप एक सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो फासात पकडून विजेशिवाय कापता येतो. देठ असलेल्या मोठ्या पॉलिपसाठी फासातून विद्युतप्रवाह सोडतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो. पसरट पॉलिप कापणे अधिक नाजूक असते, कारण आतड्याची भिंत अवघी काही मिलिमीटर जाड असते. म्हणून सुईने पॉलिपखाली निळसर रंग मिसळलेले सलाइन सोडतात. त्यामुळे तो गादीवर ठेवल्यासारखा वर उचलला जातो आणि फासाने कापताना भिंतीला इजा होण्याचा धोका घटतो. आणखी मोठ्या पॉलिपसाठी जपानमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत बारीक विद्युतसुरीने तो थर अखंड सोलून काढतात. त्याला वेळ आणि विशेष कौशल्य लागते.

काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि त्यावरून पुढची कोलोनोस्कोपी केव्हा करायची ते ठरते. रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडणे हे धोके कमी असले, तरी असतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. अमेरिकेत ज्यांचे अॅडेनोमा काढले होते, अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने झालेले त्यांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी होते.

कर्करोग होण्याआधीच त्याला गाठायचे, ही कल्पना धाराशिव जिल्ह्याला नवी नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ महिलांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आणि वेळीच दिलेल्या उपचारांनी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये या जिल्ह्यातून जगाला कळले.

आपल्याकडे तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो. मोठ्या आतड्याचा नाही. म्हणून लक्षणांकडे आपणच लक्ष द्यायला हवे. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कारण न कळणारा रक्तक्षय किंवा घटणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही कोलोनोस्कोपीविषयी विचारा. साधारणपणे ती चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार कळला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. लाजेपायी हा विषय घरातच दाबून ठेवू नका.