जावक वहीतले शेठजी

सर जे. जे. रुग्णालय हे नाव आमच्या उमरगा तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. सोलापुरात दुखणं आवरलं नाही आणि खिसा रिकामा झाला, की मुंबईला जे. जे.ला न्या असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ज्यांच्या नावाचं हे रुग्णालय, ते जमशेटजी जीजीभॉय कोण होते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. पुतळ्यावरून ते कळतही नाही. ते कळतं त्यांच्या पत्रांवरून.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. आईवडील लवकर गेले, शिक्षण बेताचं. सोळाव्या वर्षी ते मामांच्या बाटल्यांच्या धंद्यात आले आणि पुढे चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये ते ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते, ते फ्रेंचांनी पकडून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. डॉक्टरकी सोडून तो पुढे व्यापारी झाला, चीनमधल्या कँटनमध्ये त्याची जार्डिन मॅथेसन ही बलाढ्य पेढी उभी राहिली आणि मुंबईतले तिचे मोठे भागीदार झाले जमशेटजी. संकटात जुळलेली ही ओळख पुढे कागदावर टिकली. कँटनला माल जायचा तसं दर जहाजाबरोबर पत्रही जायचं.

त्या काळची शिस्त मोठी होती. पेढीवरून निघालेल्या पत्राची नक्कल आधी जाड वहीत उतरवायची, मग मूळ पत्र लखोट्यात घालायचं. जहाज बुडालं तरी आपण काय लिहिलं होतं ते पेढीवर राहायचं. जमशेटजींच्या अशा वह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पलीकडच्या टोकाला जार्डिन मॅथेसनचं दप्तर इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठानं जपलं आहे. लिहिणाऱ्याकडची नक्कल इथं आणि घेणाऱ्याकडचा कागद तिथं, असा योग हिंदुस्थानी व्यापाऱ्याच्या बाबतीत फार थोड्या वेळा येतो.

या वह्यांत कापसाचा भाव आहे, जहाजाचं भाडं आहे, हुंडी वटेल की नाही याची काळजी आहे. आणि अफू आहे. शेठजींच्या दानाबद्दल लिहिताना अफूचा उल्लेख गाळण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि तिच्यात जमशेटजींचा हात मोठा होता. चीनच्या बादशहानं बंदी घातली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्यानं २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या आणि ती अफू चर खोदून मीठ-चुन्यात विरघळवून टाकली. इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स इलियट यानं भरपाईचा शब्द दिला होता, म्हणूनच पेट्या हवाली झाल्या होत्या. मुंबईकरांचा पैसा त्यात अडकला. जार्डिन तोवर चीन सोडून लंडनच्या वाटेला लागला होता. मग भरपाईसाठी पत्रं, अर्ज, विनवण्या सुरू झाल्या. इंग्रज आणि चीनमध्ये लढाई झाली, १८४२ च्या नानकिंगच्या तहात अफूपोटी साठ लाख डॉलर मिळाले, पण व्यापाऱ्यांचं नुकसान त्यानं भरून आलं नाही.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १८४२ मध्ये जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली, हिंदुस्थानी माणसाला मिळालेली ती पहिली. १८४३ च्या जानेवारीत रुग्णालयाची पायाभरणी झाली. १८४५ मध्ये रुग्णालय उघडलं आणि त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता सुरू झाला. त्यासाठी त्यांच्या पत्नी अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. म्हणजे ज्या वर्षांत पैसा अडकून पडला होता, त्याच वर्षांत दानाचा हात सर्वांत सैल होता. यात प्रतिष्ठेचा हिशेब होता, सरकारदरबारी वजन वाढवण्याचाही होता. तरीही टोल नको ही अट हिशेबी घरातून येत नाही. मला या माणसाबद्दल आदर वाटतो आणि त्यांच्या धंद्याबद्दल वाईट वाटतं. दोन्ही भावना त्याच वह्यांनी दिल्या.

अमेरिकेत असाच एक व्यापारी होऊन गेला, बोस्टनचा जॉन मरे फोर्ब्स. तोही सतराव्या वर्षी, १८३० मध्ये, कँटनला गेला. तिथला हौक्वा हा गर्भश्रीमंत व्यापारी त्याच्यावर मुलासारखा विश्वास टाकत होता. फोर्ब्सनं चीनमधला पैसा मायदेशी नेऊन रेल्वेत घातला आणि गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणी उभारायला मदत केली. इकडे जमशेटजी आणि नाना शंकरशेठ मुंबईच्या रेल्वेसाठी झटत होते. फोर्ब्सच्या मृत्यूनंतर लेकीनं त्याची पत्रं निवडून १८९९ मध्ये दोन खंडांत छापली. लेकीनं बापाचे कागद नीट लावले, एवढ्यावर तो माणूस अमेरिकेला कळला.

आपल्या मुलखाचं काय? नळदुर्ग जिल्हा १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला तेव्हा तिथला कारभार मेडोज टेलरनं पाहिला. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आलेला हा मुलगा. नात्यातल्या हेन्री रीव्हला त्यानं लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपानं निघाली. साहेबाचं पत्र उरलं. त्याच काळात उमरगा, मुरूम, नळदुर्गच्या पेठांतून तूर, करडई, ज्वारीच्या गाड्या सोलापूरला जात होत्या, त्या पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांची पत्रं कुठं आहेत? पुढे मुलूख पुन्हा निजामाच्या हद्दीत गेल्यावर इकडे त्याचा हाली सिक्का आणि सोलापुरात इंग्रजांचा कलदार, त्यामुळे प्रत्येक सौद्यात वटावाचा हिशेब. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. हे सारं बोरूनं, मोडीत लिहिलं जात होतं आणि लाल बासनात बांधलं जात होतं. मथळ्यावर ‘श्री’, खाली भाव, आणि शेवटी घरच्यांची खुशाली.

मोडी वाचणारे गेले तशी ही बासनं माळ्यावर चढली. काही रद्दीत गेली, काही वाळवीनं खाल्ली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीचे वाडे कोसळले. तेव्हा माणसं काढायची की कागद? कुणी कागदांकडे पाहिलं नाही आणि ते बरोबरच होतं. पण त्या ढिगाऱ्यांबरोबर तालुक्याच्या व्यापाराची किती वर्षं गेली, हे आता कधीच मोजता येणार नाही.

जे उरलं असेल त्यासाठी मात्र अजून वेळ आहे. पाडव्याला नव्या वहीची पूजा कराल तेव्हा माळ्यावरचं जुनं बासनही खाली उतरवा. उन्हात टाकू नका, सावलीत झटका. पानं चिकटली असतील तर ओढून सोडवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात बांधा. मोबाईलवर पानापानाचे फोटो घ्या. मोडी येत नसली तर छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. आणि एवढं तरी करा: आजोबांच्या पेढीचा कुठलाही कागद आधी वाचून घेतल्याशिवाय रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवू नका.